जबाबदारी वाटेत आहे

घरात नवा फ्रिज येतो तेव्हा जुन्या घरातलं थोडंफार बाहेर जातं. बहुतेक वेळा तो दाराच्या चौकटीचा कोपरा असतो. फ्रिज आणणारे दोघं "जाईल, जाईल, आरामात जाईल" म्हणत असतात आणि आपण आतून "थोडं डावीकडं, अजून थोडं डावीकडं" असं सांगत असतो. मग 'खर्र' असा आवाज येतो. तिघंही एकदम फ्रिजकडे बघतात. चौकटीकडे कुणीच बघत नाही. "काही नाही झालं साहेब," असं आणणारा म्हणतो, आणि ते खरंही असतं, कारण त्याच्या लेखी घटनास्थळी फ्रिजखेरीज दुसरी वस्तूच नसते. पावतीवर छापलेलं असतं, 'माल सुस्थितीत मिळाला.' आपण सही करतो. घर सुस्थितीत राहिलं का, हा रकाना अजून कुणी छापलेला नाही.

मालाची काळजी कायद्यानं मात्र फार पूर्वीपासून घेतली आहे. इंग्रजांनी १८६५ साली माल वाहून नेणाऱ्यांसाठी कायदा केला, आपण २००७ साली तो मोडीत काढून नवा आणला. दोन्हींचा सगळा जीव वाहून नेलेल्या मालात. खोक्यातलं झुंबर फुटलं तर कुणाला धरायचं याचा विचार त्यात आहे. खोकं आत आणताना छताला आधीपासून लटकलेलं झुंबर फुटलं, तर ते झुंबर त्या कायद्याच्या ओळखीचं नाही.

जुन्या व्यवस्थेत हा प्रश्न नव्हता. म्हणजे नुकसान होतं, प्रश्न नव्हता. पेपरवाला खालून पेपर भिरकावायचा. एरवी चालायचं, रविवारी पुरवण्यांच्या वजनानं शेवंतीची कुंडी खाली यायची. वाण्याचा पोऱ्या तेलाचा डबा घेऊन जिना चढला की डब्याच्या पत्र्याची एक रेघ नव्या रंगावर पहिल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत यायची. आपण दुकानात जाऊन शेठला सांगायचं. शेठ आपल्यादेखत पोऱ्याला बोलायचा, इतका की शेवटी "जाऊ द्या हो, लहान आहे" असं आपल्यालाच म्हणावं लागायचं. आणि त्या महिन्याच्या यादीत गुळाचे पैसे लावलेले नसायचे. नोकराच्या हातून घडलेल्या नुकसानीला मालक जबाबदार, हे तत्त्व शिकवायला कायद्याच्या महाविद्यालयात एक आख्खं सत्र जातं. शेठ ते एका गुळाच्या ढेपेत उरकायचा.

गॅस सिलिंडरनं या विषयाला थोडी खोली आणली. सिलिंडर आणणारा माणूस तो उचलून आणत नाही. तिरका करून, बुडाच्या कडेवर गोल फिरवत आणतो, आणि त्यात त्याचं कसब आहे हे मान्य करायला हवं. पण आत १४.२ किलो गॅस, वर तेवढंच किंवा थोडं जास्त लोखंड, आणि हे सगळं त्या एका कडेवर. फरशीवर त्याची वाट उमटते. याबद्दल चौकशी केली तर आनंदाची बातमी कळते की तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला आहे. नोंदणीच्या पत्त्यावर सिलिंडरमुळे आग लागली, स्फोट झाला, तर मालमत्तेच्या नुकसानीपोटी दोन लाखांपर्यंत मिळू शकतात. म्हणजे स्वयंपाकघर उडालं तर सोय आहे, फरशी तडकली तर नाही. आमच्या एका मावशींनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे एक फरशी बदलायची तर आधी सगळंच उडवावं लागेल का?"

पण गॅसवाल्याची एजन्सी निदान पायी जाऊन सापडते. खरी पंचाईत पुढे आहे.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. सगळे त्यांना साहेबच म्हणतात. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो आणि आईबाबांची काळजी तिथून अ‍ॅपवर घेतो. तिथं रात्रीची जेवणं आटोपली की त्याला आठवतं, पुण्यात आता उजाडलं असेल आणि घरातला रवा संपला असेल. तो बोट दाबतो आणि दहा मिनिटांत रवा दारात. साहेबांना हे मुळीच मान्य नाही. सकाळी कोपऱ्यावर जाऊन रवा आणणं हेच त्यांचं निवृत्तीनंतरचं मुख्य काम होतं. पण मुलाचं मन मोडवत नाही म्हणून घरात सध्या रव्याचे बरेच पुडे आहेत.

साहेबांचं दुसरं अपत्य म्हणजे पार्किंगमधली प्रीमियर पद्मिनी. ती आता फारशी चालत नाही, पण रोज पुसली जाते. अशाच एका सकाळी रवा घेऊन आलेला मुलगा विजेच्या स्कूटरवरून पार्किंगमध्ये शिरला, एका हातातल्या फोनवर फ्लॅटचा नंबर बघता बघता वळला आणि पद्मिनीच्या डाव्या डोळ्यावर जाऊन आदळला. हेडलाइटची काच खळ्ळकन खाली आली. मुलाला लागलं नाही. रव्यालाही लागलं नाही. त्याच क्षणी न्यू जर्सीत फोन वाजला, 'तुमची ऑर्डर पोहोचली आहे. अनुभव कसा वाटला?'

मुलगा घाबरला होता. पहिलं वाक्य त्यानं म्हटलं ते, "काका, आयडीवर कम्प्लेंट टाकू नका, आयडी ब्लॉक होते." दुसरं वाक्य म्हणायच्या आत त्यानं खिशातून शंभराच्या दोन नोटा काढल्या. साहेबांचा राग तिथंच अडखळला. "ठेव ते," ते म्हणाले. "मी तुझ्याकडून एक पैसा घेणार नाही. मी तुझ्या मालकाकडून घेणार."

मुलगा प्रामाणिकपणे विचारात पडला. मग म्हणाला, "मालक नाहीये काका. अ‍ॅप आहे."

साहेबांना हे पटणं शक्य नव्हतं. त्यांची सगळी नोकरी कर्जखात्यात गेली. कर्जदार गावातून नाहीसा झाला तरी कागदावर जामीनदार उरतो, या श्रद्धेवर त्यांनी तीन शाखा सांभाळल्या. त्यांनी बिल मागवलं. बिल न्यू जर्सीहून आलं. वर रंगीत अक्षरांत अ‍ॅपचं नाव, खाली बारीक अक्षरांत विक्रेता म्हणून भलतीच एक प्रायव्हेट लिमिटेड. रवा आणणाऱ्या मुलाला कामाला लावलं होतं ते एका व्हेंडरनं, म्हणजे तिसरा. स्कूटर आठवड्याच्या भाड्यावर एका कंपनीकडून घेतलेली, म्हणजे चौथा. आणि ज्या आयडीवर ऑर्डर पडली ती होती त्याच्या चुलतभावाची. भाऊ लग्नासाठी गावाकडं गेला होता आणि आयडी रिकामी ठेवली की इन्सेंटिव्ह जातो. अर्ध्या किलो रव्यामागं इतकी मंडळी उभी होती. त्यांपैकी डोळ्यांना दिसणारा एकच, आणि तोच दोनशे रुपये पुढं करत होता.

तक्रार करायची तर खातं साहेबांच्या मुलाचं, म्हणून पुण्यातल्या काचेची तक्रार अमेरिकेतून गेली. तक्रारीसाठी पर्याय होते : वस्तू मिळाली नाही, वस्तू फुटलेली मिळाली, भलतीच वस्तू मिळाली. 'वस्तू उत्तम मिळाली, बाकीचं फुटलं' असा पर्याय नव्हता. त्यानं दुसरा निवडला. उत्तर आलं, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया फुटलेल्या वस्तूचा फोटो पाठवा. त्यानं पद्मिनीचा फोटो पाठवला. यंत्रानं तो बराच वेळ पाहिला असावा. मग रव्याचे पूर्ण पैसे परत आले, रवा ठेवून घ्या असंही सांगितलं गेलं, आणि वर दोनशे नव्याण्णवच्या पुढच्या खरेदीवर पन्नास रुपयांची सूट मिळाली. साहेब म्हणाले, "म्हणजे अजून एकदा बोलवा आणि उजवा दिवाही फोडून घ्या."

आता प्रकरण सोसायटीच्या बैठकीत आलं. सोसायटीच्या बैठकीत कुठलीही वस्तू फुटली की पहिली चौकशी त्या वस्तूची होते. गाडी पांढऱ्या रेषेच्या आत होती का? दोन इंच बाहेर असल्याचं एका सभासदाचं म्हणणं होतं. तो गेली कित्येक वर्षं हे म्हणतो आहे. मग वॉचमनला बोलावलं. त्याच्या वहीत सगळं चोख होतं : वेळ, फ्लॅट नंबर, आणि कामाच्या रकान्यात 'रवा'. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एक सोपा सिद्धान्त मांडला, "ज्यानं मागवलं त्यानं भरावं." हा आमच्याकडं लोकप्रिय सिद्धान्त आहे, विशेषतः रात्री अकरा वाजता मोमो मागवणाऱ्या पोरांच्या बाबतीत. कायद्यात त्याला आधार नाही. गिऱ्हाइकानं पत्ता दिला म्हणजे तो गाडी चालवणाऱ्याचा मालक होत नाही. शिवाय इथं मागवणारा मुलगा, भरायचं वडिलांना, आणि वारसाहक्कानं पद्मिनी पुन्हा मुलाकडंच जाणार. खजिनदारांनी हा व्यवहार पूर्ण गोल फिरवून पाहिला आणि त्यात सोसायटीला काही मिळत नाही म्हणून सोडून दिला.

विम्याचं कुणीतरी काढलं. गाडीचा तिऱ्हाईताचा विमा सक्तीचा असतो, मग स्कूटरचा असेलच की! सगळे आशेनं उठून खाली गेले. मुलगा वरच्या कुणाचे तरी टोमॅटो घेऊन आला होता, त्यामुळं स्कूटरही तिथंच होती. तिला नंबरप्लेटच नव्हती. मोटार २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की ती कायद्याच्या दृष्टीनं मोटार वाहनच नसते. नोंदणी नाही, परवाना नाही, विमा नाही. म्हणजे साहेबांच्या गाडीला कायद्याच्या दृष्टीनं जवळजवळ काहीच धडकलं नव्हतं. पद्मिनीचा स्वतःचा विमा आहे, पण तोही तिऱ्हाईताचा. तिनं कुणाला धडक दिली असती तर उपयोगी पडला असता. तिनं बिचारीनं गेल्या दहा वर्षांत कुणाकडं वाकडं तोंड करून पाहिलेलं नाही. दहा मिनिटांत माल पोहोचवायचा वायदा आणि पंचविसाच्या पुढं न जाणारी गाडी, हे गणित मात्र बैठकीत कुणालाच सुटलं नाही.

यानंतर साहेबांनी निकालपत्रं वाचायला घेतली. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि प्रिंटर असतो. रोज संध्याकाळी ते एकेक खटला घेऊन माझ्याकडं येऊ लागले.

पहिला लंडनचा, १८६२ सालचा. तेव्हा घोड्यांच्या बस होत्या आणि निरनिराळ्या कंपन्यांचे गाडीवान प्रवासी पळवायला एकमेकांना आडवे जात. एकानं आडवी घातली, दुसऱ्याची बस उलटली. कंपनीनं न्यायालयात खिशातून छापील कार्ड काढलं. आम्ही आमच्या गाडीवानांना लेखी बजावलंय, शर्यत लावू नका, कुणाला अडवू नका. न्यायालयाला कार्ड आवडलं असेल, पण भरपाई कंपनीच्या माथी गेली. गाडीवान जे करत होता ते कंपनीच्याच धंद्यासाठी करत होता. साहेबांनी हे वाचून मांडीवर थाप मारली. होर्डिंगवर हातभर अक्षरांत 'दहा मिनिटांत' लिहायचं आणि करारात मुंगीएवढ्या अक्षरांत 'वाहतुकीचे नियम पाळावेत' लिहायचं, ही युक्ती घोड्यांच्या काळात पकडली गेली होती तर!

दुसरा खटला त्यांचा लाडका. बेलफास्टमध्ये एका गॅरेजवर टँकरवाला पेट्रोल पोहोचवायला आला. टँकरमधून जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल उतरत होतं, त्याला वेळ लागतो, माणूस कंटाळला. त्यानं काडी ओढून सिगारेट पेटवली आणि काडी खाली टाकली. गॅरेजवाल्याची मोटार गेली, आजूबाजूच्या घरांचं नुकसान झालं. ज्याच्याकडं माल पोहोचवायचा त्याचंच नुकसान, म्हणजे अगदी आमचाच मामला, फक्त रव्याच्या जागी पेट्रोल. आणि भांडण काय, तर टँकर ज्या संस्थेचा, तिची विमा कंपनी म्हणाली, हा ड्रायव्हर त्या वेळी मुळी तिचा नव्हताच, ज्यांच्या पेट्रोलची ने-आण चालली होती त्यांचा होता. आणि सिगारेट तर तो स्वतःसाठीच ओढत होता. १९४२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं दोन्ही मुद्दे फेटाळले. सिगारेट स्वतःची हे खरं, पण पेट्रोल उतरत असताना त्याच्यापाशी उभं राहणं हेच त्याचं काम होतं, आणि ते त्यानं बेफिकिरीनं केलं. साहेब खूष. "पोरगं फोन स्वतःसाठी बघत नव्हतं. आमचा फ्लॅट नंबर बघत होतं!"

तिसऱ्या दिवशी ते जरा मंद पावलांनी आले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ सालचा निकाल होता, अहमदाबादच्या टॅक्सीचा. मालकानं टॅक्सी ड्रायव्हरच्या ताब्यात दिली, ड्रायव्हरनं ती गाडी पुसणाऱ्या माणसाच्या हाती दिली, त्याला लायसन्सची परीक्षा द्यायची होती म्हणून. त्यानं परीक्षेतच अपघात केला. बहुमतानं ठरलं की मालक जबाबदार नाही, कारण ही परीक्षा काही मालकाच्या धंद्याचा भाग नव्हती. साहेबांच्या डोळ्यांपुढं गावाकडं लग्नात जेवत बसलेला चुलतभाऊ आला. मी त्यांना धीर दिला की परीक्षेची टॅक्सी आणि रव्याची स्कूटर यांत फरक आहे. रवा तर अ‍ॅपच्याच धंद्याचा होता. ते म्हणाले, "तुम्ही वकील नाही, म्हणून इतकं स्पष्ट बोलू शकता."

मग आला 'पार्टनर'. अ‍ॅपच्या भाषेत हा मुलगा नोकर नाही, डिलिव्हरी पार्टनर आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यात भागीदार म्हणजे धंद्याचा नफा वाटून घेणारे. साहेबांनी मुलाला विचारलं, नफ्यात किती वाटा मिळतो. तो म्हणाला, "पाऊस असला की ऑर्डरमागं थोडे जास्त मिळतात." कायद्यालाही ही अडचण कळलेली आहे. सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत अशा कामगाराला गिग कामगार म्हटलं आहे, आणि व्याख्या अशी की पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर राहून काम करणारा. म्हणजे त्याला थोडं संरक्षण देण्यासाठी आधी हे लिहून घेतलं की त्याला मालक नाही. लंडनच्या गाडीवानाचं कार्ड न्यायालयात चाललं नाही. यांनी गाडीवानच कागदावरून काढून टाकला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ही अडचण दाखवतात तितकी नवीही नाही. मुंबईच्या बाजारांतला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची गोणी उचलायचा, दुपारी दुसऱ्याची; त्याचाही मालक कोण हे सांगता येत नव्हतं. त्यावर अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची चळवळ उभी केली आणि महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला. मालक सापडत नाही म्हणून हात झटकण्याऐवजी मंडळं नेमली, हमाल आणि व्यापारी दोघांचीही तिथं नोंदणी केली, आणि मजुरीच्या वर व्यापाऱ्यांकडून लेव्ही वसूल केली. त्यात फुटलेल्या काचेची सोय नव्हती, हे कबूल. पण चार मालक म्हणजे शून्य मालक, हे गणित तेव्हा मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्यांनाही कुणी करू दिलं नव्हतं.

शेवटी साहेबांना हवा तो दरवाजा ग्राहक संरक्षण कायद्यात सापडला. २०१९ च्या कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त पैसे देणारा नाही. त्याच्या संमतीनं सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच. साहेब लाभार्थी ठरले. आयुष्यभर त्यांनी सरकारी योजनांच्या लाभार्थ्यांच्या फायली तपासल्या होत्या, त्यामुळं त्यांना जरा संकोच वाटला. पण पुढं वाचल्यावर तो गेला. सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत, सेवा देणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळं ग्राहकाचं नुकसान झालं तर तेही येतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागत नाही, आणि दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असला की शुल्कही नाही. रव्याचा मोबदला पाच लाखांच्या बराच आत होता. त्याआधी अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणं त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. पोच ४८ तासांत आली. तेवढं त्यांना जमतं.

मसुदा तयार करायला मंडळी साहेबांच्या हॉलमध्ये जमली. नुकसानीची रक्कम हा पहिला खडक. रविवारी जुन्या बाजारात चौकशी केली होती. तिथला माणूस म्हणाला, "मिळाली तर चारशेला देईन, पण मिळणार नाही." वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी सुचवलं तसं लिहिलं : काच चारशे, मानसिक त्रास पन्नास हजार, तक्रारीचा खर्च दहा हजार. काकू आतून म्हणाल्या, "मानसिक त्रास माझाही धरा. महिनाभर हे माणूस दुसरं काही बोललेलं नाही."

विरुद्ध पक्षांची यादी लिहिताना साहेब अडले. अ‍ॅप, विक्रेता, व्हेंडर, स्कूटर भाड्यानं देणारी कंपनी अशी चार नावं झाली. पाचवं मुलाचं घालायचं का? सेक्रेटरी म्हणाले, घालायलाच हवं, धडक त्यानं दिली. साहेब म्हणाले, "नाही. त्याला साक्षीदार करू." तेवढ्यात बेल वाजली. न्यू जर्सीहून रवा आला होता, आणि आणणारा तोच होता. हा भाग त्याचाच आहे. त्याला आत बोलावून बसवलं, पाणी दिलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि फोन हातातच ठेवला. साहेबांनी समजावलं की घाबरायचं काही नाही, उभं राहून उलटतपासणी वगैरे होत नाही, प्रतिज्ञापत्र करायचं, जे घडलं ते लिहायचं, नोटरीकडं येऊन एक सही करायची.

"किती वेळ लागेल?"

"जाऊन येऊन दोन तास धर."

त्यानं मनाशी हिशेब केला. "सकाळचे दोन तास म्हणजे आठ-नऊ ऑर्डरी जातात. वर त्या दिवसाचा इन्सेंटिव्ह. ते कोण देणार काका?"

हॉलमध्ये सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. चौथ्या मजल्यानं आपला सिद्धान्त पुन्हा मांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी देईन," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी तत्परतेनं वही पुढं ओढली. "इतिवृत्तात घेऊ का? इतक्या बैठकांनंतर एक तरी जबाबदारी निश्चित झाली असं दिसेल."

"घ्या," साहेब म्हणाले. "पण 'विरुद्ध पक्षाकडून वसुलीच्या अटीवर' असं लिहा. आणि खाली जामीनदाराची सही घ्या. न्यू जर्सीचा चालेल."